समाजकार्य शिक्षणातील अल्पकालीन परदेश अभ्यासदौरे : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

समाजकार्य शिक्षणाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. वर्गात शिकविलेल्या तत्त्वांची कसोटी वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात किंवा गावच्या चावडीवर लागते, हे या विद्याशाखेतील प्रत्येक अध्यापकास ठाऊक आहे. गेल्या काही दशकांत या क्षेत्रकार्याला एक पुरवणी जोडली गेली. दोन ते आठ आठवडे परदेशी जाऊन तेथील संस्था, वस्त्या व कल्याणयोजना पाहावयाच्या, त्यांवर अहवाल लिहावयाचा आणि त्याबद्दल श्रेयांक मिळवावयाचे, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातील अनेक समाजकार्य विभागांनी असे अभ्यासक्रम चालविले असून त्यांतील बऱ्याच गटांनी भारताची निवड केली आहे.

या अभ्यासक्रमांविषयीचे लेखन मुख्यतः शिक्षणशास्त्रीय अंगाने होते. विद्यार्थ्याची सांस्कृतिक जाणीव किती वाढली, पूर्वग्रह किती कमी झाले, परतल्यावर त्याच्या व्यावसायिक वृत्तीत कोणता फरक पडला, हे त्यातील नेहमीचे प्रश्न. शिवाय हे अभ्यासक्रम जागतिकीकरणाचे अपत्य होत, असा एक समज रूढ आहे. इतिहासाकडे पाहिले असता हा समज टिकत नाही. व्यावसायिक समाजकार्याच्या जडणघडणीतच काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या परदेशवासाचा मोठा वाटा आहे आणि हा व्यवसाय भारतात ज्या मार्गाने आला, तो मार्गही अशाच पाहण्यांनी आखलेला आहे.

प्रस्तुत लेखात या परंपरेचा १८८४ पासूनचा मागोवा घेतला आहे. हा मागोवा घेताना एक विसंगती वारंवार समोर येते. पाहुण्याने काय पाहिले आणि तो काय शिकला याच्या नोंदी विपुल आहेत. ज्या वस्तीने त्याला शिकविले तिला त्या भेटीतून काय मिळाले, याच्या नोंदी मात्र फारच विरळ आहेत. पाहुण्यांचे गट स्वीकारणाऱ्या आणि आपले विद्यार्थी बाहेर पाठवू इच्छिणाऱ्या महाविद्यालयांच्या दृष्टीने ही दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे.

व्हाइटचॅपलचे पाहुणे

१८८४ मध्ये पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल भागात सॅम्युएल बार्नेट आणि हेन्रिएटा बार्नेट या दाम्पत्याने टॉयन्बी हॉलची स्थापना केली. आदल्याच वर्षी अकाली निधन पावलेले अर्थशास्त्रज्ञ अर्नोल्ड टॉयन्बी यांचे नाव या वास्तूस देण्यात आले. ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या तरुणांनी गरिबांच्या वस्तीत येऊन राहावे, संध्याकाळचे वर्ग चालवावेत, स्थानिक मंडळांच्या कामात भाग घ्यावा आणि शेजारी या नात्याने दारिद्र्य समजून घ्यावे, ही त्यामागील कल्पना. यालाच पुढे ‘सेटलमेंट’ हे नाव रूढ झाले. मराठीत त्यास वस्तीकेंद्र म्हणता येईल. एका अर्थी टॉयन्बी हॉल हाच एक परदेशवास होता. ऑक्सफर्डपासून व्हाइटचॅपलचे अंतर आगगाडीने काही तासांचे होते, परंतु सुखवस्तू इंग्रज तरुणास ते दुसऱ्या देशासारखेच होते.

अमेरिकन पाहुणे येथे लवकरच येऊ लागले. १८८६ च्या आरंभी स्टँटन कॉइट काही महिने टॉयन्बी हॉलमध्ये राहिले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कला परतून त्यांनी ‘नेबरहुड गिल्ड’ सुरू केले. अमेरिकेतील पहिले वस्तीकेंद्र म्हणून त्याची नोंद होते. रॉबर्ट वुड्स यांना त्यांच्या धर्मशास्त्र विद्यालयाने १८९० मध्ये सुमारे सहा महिन्यांसाठी इंग्लंडला पाठविले. परतल्यावर त्यांनी इंग्लंडमधील सामाजिक चळवळींवर पुस्तक लिहिले आणि बॉस्टनमध्ये केंद्र उभारले. विद्यालयाने खर्च करून विद्यार्थ्यास ठरावीक काळासाठी पाठवावयाचे, त्याने पाहणी करावयाची आणि लेखी वृत्तान्त द्यावयाचा, ही आजच्या अभ्यासदौऱ्याची चौकट येथे पूर्णांशाने दिसते. अमेरिकेत धर्मशास्त्र शिकणारे जपानी विद्यार्थी सेन काटायामा १८९४ च्या इंग्लंड-भेटीत टॉयन्बी हॉल पाहून गेले आणि १८९७ मध्ये त्यांनी टोकियोत ‘किंग्जली हॉल’ उघडला. आशियात ही कल्पना पोहोचण्यास टॉयन्बी हॉलच्या स्थापनेपासून अवघी तेरा वर्षे लागली.

या सर्वांत जेन ॲडम्स यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे, कारण त्यांनी एकच वस्ती दोनदा पाहिली. १८८३ च्या अखेरीस युरोपच्या सहलीवर असताना एका शनिवारी रात्री त्या इतर प्रवाशांसोबत पूर्व लंडन पाहावयास गेल्या. रविवारी विकता न येणारा सडका भाजीपाला लिलावात विकला जात होता आणि भुकेल्या लोकांचे हात त्यासाठी उंचावले होते. हे दृश्य त्यांनी घोड्यांच्या बसच्या वरच्या मजल्यावरून पाहिले. पुढे आत्मचरित्रपर ग्रंथात त्यांनी त्या उंचावलेल्या हातांचे आणि स्वतःच्या असहायतेचे वर्णन केले आहे. ही भेट तासा-दोन तासांची होती. तिच्यातून अस्वस्थतेखेरीज काही निष्पन्न झाले नाही. पाहणारे वर आणि पाहिले जाणारे खाली, अशी तिची रचनाच होती.

१८८८ च्या जूनमध्ये त्या पुन्हा लंडनला आल्या तेव्हा परिस्थिती निराळी होती. शिकागोच्या गरीब वस्तीत घर घेऊन राहावे असा विचार त्यांच्या मनात पक्का होत आला होता आणि टॉयन्बी हॉल हे काम प्रत्यक्षात कसे चालवितो, हा नेमका प्रश्न त्यांच्याजवळ होता. ही भेटही दीर्घ नव्हती. पण १८ सप्टेंबर १८८९ रोजी एलन गेट्स स्टार यांच्या सोबतीने त्यांनी शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावर हल-हाउस उघडले. दोन्ही भेटींत वस्ती तीच होती आणि मुक्काम थोडाच होता. फरक प्रश्नाचा होता, आणि यजमानाचाही. पहिल्या वेळी यजमान असा कोणी नव्हताच. दुसऱ्या वेळी वस्तीत कायम राहणारी, आपल्या चुका व अडचणी सांगू शकणारी माणसे भेटली.

हल-हाउस ही टॉयन्बी हॉलची प्रतिकृती नव्हती, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. लंडनमध्ये निवासी बहुतांशी विद्यापीठीय पुरुष होते. शिकागोत कामाची सूत्रे स्त्रियांकडे होती. व्हाइटचॅपलमध्ये वर्गभेद हा मुख्य प्रश्न, तर हॉल्स्टेड रस्त्यावर इटालियन, जर्मन, ज्यू, बोहेमियन स्थलांतरितांची अनेक भाषांची वस्ती. १८९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हल-हाउस मॅप्स अँड पेपर्स’ या ग्रंथात परिसरातील घरोघरच्या मिळकतीचे आणि राष्ट्रीयत्वाचे नकाशे आहेत. समाजकार्यातील सर्वेक्षणाची ती एक आरंभीची पायरी होय. लंडनमध्ये काही दिवसांत पाहिलेल्या गोष्टीचे रूपांतर शिकागोत अनेक वर्षे राहून झाले, असे म्हणावे लागते. व्हाइटचॅपलच्या रहिवाशांना या देशोदेशीच्या पाहुण्यांविषयी काय वाटले, हे मात्र या साऱ्या प्रवासवर्णनांतून फारसे कळत नाही.

१८८९ : मुंबईतील एक समांतर घटना

हल-हाउस उघडण्यापूर्वी सहा महिने, ११ मार्च १८८९ रोजी, पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. परंतु परदेशात पाहिलेल्या संस्थांचा अनुभव घेऊन एका स्त्रीने आपल्या समाजात निवासी संस्था काढणे, ही गोष्ट एकाच वर्षी शिकागोत व मुंबईत घडली, याची नोंद समाजकार्याच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

रमाबाईंचा परदेशवास अल्पकालीन नव्हता. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, १८८६ मध्ये अमेरिकेत पोहोचल्या. तेथील वास्तव्यात त्यांनी फिलाडेल्फिया येथे फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, अनेक शाळा व धर्मादाय संस्था पाहिल्या आणि देशभर व्याख्याने देऊन भावी कार्यासाठी साहाय्य उभे केले. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे अर्थसाहाय्याची हमी घेतली. शारदा सदन त्या पायावर उभे राहिले. एवढ्या दीर्घ वास्तव्याचा येथे उल्लेख करण्याचे कारण निराळे आहे. रमाबाईंनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात अमेरिकेतील राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांच्या संघटना, परोपकारी संस्था यांचे तपशीलवार वर्णन आहे, त्याचप्रमाणे तेथील मूळ रहिवासी आणि कृष्णवर्णीय यांना मिळणाऱ्या वागणुकीवर स्पष्ट टीकाही आहे.

परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याने यजमान समाजाकडे चिकित्सकपणे पाहावे, त्याचे गुण घ्यावेत, दोष लपवू नयेत आणि ते सर्व आपल्या भाषेत आपल्या लोकांपुढे मांडावे, ही अपेक्षा आजच्या अहवाललेखनात क्वचितच पूर्ण होते. वसाहतीतून गेलेली एक विधवा स्त्री अमेरिकेची परीक्षा घेते आणि तिचा निकाल मराठी वाचकांस सांगते, ही दिशाच मुळी वेगळी होती. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिक्षण घेतले आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. त्यांच्या कार्यातही परदेशातील शिक्षण आणि स्वदेशातील प्रश्न यांची सांगड दिसते. याउलट महर्षी कर्वे यांना महिला विद्यापीठाची प्रेरणा जपानमधील महिला विद्यापीठाविषयीच्या एका पुस्तिकेतून मिळाली आणि १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू होईपर्यंत त्यांनी जपान पाहिलेला नव्हता. प्रवासाचे माहात्म्य सांगताना हे उदाहरणही विसरता येत नाही.

शिकागो ते नागपाडा

प्रथम महायुद्धानंतर समाजकार्याच्या शाळांनी आंतरराष्ट्रीय संघटनेचा प्रयत्न केला. जुलै १९२८ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय समाजकार्य परिषदेस ४२ देशांतील सुमारे अडीच हजार प्रतिनिधी आले. तेथील चर्चेतून पुढच्या वर्षी समाजकार्य शाळांची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि बर्लिनमध्ये १९०८ साली स्त्रियांसाठी समाजकार्याची शाळा काढणाऱ्या ॲलिस सालोमोन तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. शाळांनी एकमेकींचे अभ्यासक्रम, अध्यापक आणि विद्यार्थी जाणून घ्यावेत, हा या समितीचा हेतू होता. नाझी राजवटीने सालोमोन यांना १९३७ मध्ये देश सोडावयास लावला. देवघेवीच्या या कामाला त्यामुळे आणि पाठोपाठच्या महायुद्धामुळे खीळ बसली.

भारतातील व्यावसायिक समाजकार्य शिक्षणाचा आरंभ या परिषदांतून झाला नाही. तो लंडन-शिकागो या जुन्या वाटेनेच झाला. शिकागो विद्यापीठाचे पदवीधर क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने मुंबईस आले. १९२६ मध्ये मिशनने नागपाडा येथे ‘नेबरहुड हाउस’ सुरू केले व मॅनशार्ट त्याचे संचालक झाले. नागपाडा हा मुसलमान, ज्यू, हिंदू, ख्रिस्ती अशा अनेक समाजांचा, दाट वस्तीचा व कष्टकऱ्यांचा भाग. ग्रंथालय, रात्रीचे वर्ग, आरोग्यकेंद्र, व्याख्याने, खेळाचे मैदान असे तेथील उपक्रम होते. नागपाड्याची आजही बास्केटबॉलसाठी ओळख आहे. त्या खेळाची पाळेमुळे तेथील अशाच मैदानांत सापडतात.

सर दोराबजी टाटा यांच्या १९३२ मधील निधनानंतर त्यांच्या विश्वस्तनिधीचा विनियोग कसा करावा, हा प्रश्न विश्वस्तांपुढे होता. सुटी सुटी मदत देण्यापेक्षा समाजकार्यासाठी प्रशिक्षित माणसे तयार करावीत, हा मॅनशार्ट यांचा प्रस्ताव मान्य झाला आणि १९३६ मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ नागपाड्याच्या त्याच वास्तूत २० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले. १९४४ मध्ये त्याचे नाव टाटा सामाजिक विज्ञान संस्था असे झाले आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मॅनशार्ट १९४१ मध्ये अमेरिकेस परतले व संचालकपद जे. एम. कुमारप्पा यांच्याकडे आले. कुमारप्पांचे उच्च शिक्षण कोलंबिया विद्यापीठात झालेले होते.

येथे दोन गोष्टी नमूद कराव्या लागतात. पहिली, मॅनशार्ट सोळा वर्षे राहिले. नागपाड्याची शाळा ही भेटीची नव्हे, वास्तव्याची फलश्रुती आहे. दुसरी, एवढ्या वास्तव्यानंतरही जे शिकविले गेले त्याचा आराखडा मुख्यतः अमेरिकन राहिला. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन ही विभागणी, क्षेत्रकार्याच्या पर्यवेक्षणाची पद्धत, वाचावयाचे ग्रंथ, हे सर्व तिकडून आले. भारतीय अनुभवावर आधारलेले लेखन तेव्हा जवळजवळ उपलब्ध नव्हते. ही उणीव भरून काढण्याच्या दृष्टीने १९४० मध्ये शाळेने ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ हे नियतकालिक सुरू केले, हे तिच्या चालकांच्या जाणतेपणाचे द्योतक मानावे लागेल. तथापि जातिव्यवस्था, कर्जबाजारीपणा आणि भूमिहीनता या प्रश्नांसाठी व्यक्तीच्या समायोजनावर भर देणारी पद्धत कितपत उपयोगी, हा प्रश्न वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यास पडल्यावाचून राहत नसणार.

शिष्यवृत्त्यांचा काळ

दुसऱ्या महायुद्धानंतर अल्पकालीन परदेशवासाला प्रथमच शासकीय व आंतरराष्ट्रीय अधिष्ठान मिळाले. १४ डिसेंबर १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने समाजकल्याणविषयक सल्लासेवांचा ठराव संमत केला. त्यानुसार गरजू देशांत तज्ज्ञ पाठविणे आणि त्या देशांतील समाजकल्याण अधिकाऱ्यांना इतर देशांतील अनुभव पाहण्यासाठी शिष्यवृत्ती देणे, असे दुहेरी काम सुरू झाले. काही महिने परदेशी राहावयाचे, संस्थांना भेटी द्यावयाच्या, अहवाल सादर करावयाचा, असे या शिष्यवृत्त्यांचे स्वरूप होते. वुड्स यांच्या विद्यालयाने एका विद्यार्थ्यासाठी जे केले ते आता जागतिक पातळीवर होऊ लागले.

भारतात याच काळात समाजकार्याच्या शाळा वाढल्या. १९४६ मध्ये यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या पुढाकाराने लखनौ येथे सुरू झालेली शाळा पुढच्या वर्षी दिल्लीस गेली. बडोद्यातही समाजकार्य विद्याशाखा उभी राहिली. पन्नासच्या दशकात भारत-अमेरिका तांत्रिक सहकार्याच्या कार्यक्रमाखाली अमेरिकन अध्यापक भारतीय शाळांत आले आणि भारतीय अध्यापक अमेरिकेत गेले. डिसेंबर १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय समाजकार्य परिषदेचे अधिवेशन मद्रास येथे भरले. आशियात भरलेले ते पहिलेच अधिवेशन होते. वरकरणी ही देवघेव दुतर्फी दिसते. पण येणारा शिकविण्यासाठी येई आणि जाणारा शिकण्यासाठी जाई. अमेरिकन अध्यापक मुंबईस किंवा दिल्लीस शिकावयास आला, अशी नोंद त्या कार्यक्रमाच्या रचनेतच बसत नव्हती. या रचनेचा दोष व्यक्तींच्या हेतूंत शोधणे योग्य होणार नाही. त्यांतील अनेकांनी नम्रपणे काम केले. दोष भूमिकांच्या वाटपात होता.

थोडा वेगळा प्रयोग क्लीव्हलँड शहरात झाला. हेन्री ओलेनडॉर्फ हे जर्मन ज्यू वकील नाझींच्या छळामुळे अमेरिकेत आले व तेथे समाजकार्यकर्ते झाले. १९५४ मध्ये त्यांना युवक-कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीस पाठविण्यात आले. ज्या देशाने आपल्याला हाकलले, त्याच देशातील तरुणांसाठी काम करताना त्यांना जाणवले की, व्याख्यानांपेक्षा दुसऱ्या समाजात प्रत्यक्ष राहणे अधिक परिणामकारक ठरेल. १९५६ मध्ये क्लीव्हलँड येथे त्यांचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. परदेशी समाजकार्यकर्त्यांनी काही महिने स्थानिक संस्थेत प्रत्यक्ष काम करावयाचे आणि सामान्य कुटुंबांत राहावयाचे, ही त्याची विशेष बाब. पुढे इतर शहरांनी त्याचे अनुकरण केले. या कार्यक्रमातून परतलेल्यांनी १९६० मध्ये ‘कौन्सिल ऑफ इंटरनॅशनल फेलोशिप’ ही संघटना काढली. तिच्या भारतासह अनेक देशांतील शाखांनी स्वतः यजमान होऊन परदेशी सहकाऱ्यांना आपल्या संस्थांत बोलाविले. जो पाहुणा होता तोच पुढे यजमान झाला, आणि म्हणून या कार्यक्रमाचे स्थान वेगळे आहे. परतफेडीची व्यवस्था येथे निधी देणाऱ्याने लादलेली नव्हती, सहभागी झालेल्यांनीच ती निर्माण केली.

कुएर्नावाकाचे भाषण

साठच्या दशकात अमेरिकन व कॅनेडियन विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीत लॅटिन अमेरिकेतील खेड्यांत सेवाकार्यासाठी मोठ्या संख्येने जाऊ लागले. २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे अशा विद्यार्थ्यांच्या परिषदेत इव्हान इलिच यांचे भाषण झाले. निमंत्रित वक्त्याने आपल्या श्रोत्यांना इतके कठोर बोल ऐकविल्याची उदाहरणे कमीच असतील. मेक्सिकन शेतकऱ्याला तुमची गरज नाही, तुमच्याशी त्याला बोलताही येत नाही, तुम्ही आपल्या मध्यमवर्गीय जीवनपद्धतीचे विक्रेते म्हणून येथे येता आणि झालेले नुकसान निस्तरण्याचे काम मात्र मागे राहणाऱ्यांवर पडते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. तरीही त्यांनी मेक्सिकोत येऊच नका असे म्हटले नाही. पाहावयास या, शिकावयास या, पण मदत करावयास येऊ नका, असे त्यांनी सांगितले.

इलिच यांची भूमिका एकांगी आहे, हे मान्य करावे लागते. अल्पकाळ आलेल्या पाहुण्याने वस्तीला कधीच काही दिले नाही, असे म्हणता येणार नाही. तथापि भाषेचा त्यांनी उपस्थित केलेला मुद्दा आजही अनुत्तरित आहे. मराठीचे चार शब्दही न येणारा विद्यार्थी तीन आठवड्यांत मुंबईच्या वस्तीत जे ऐकतो, ते बहुतेक दुभाष्याचे ऐकतो. हा दुभाषी बहुधा संस्थेचा कार्यकर्ता किंवा स्थानिक समाजकार्य महाविद्यालयाचा विद्यार्थी असतो. त्याचे स्वतःचे क्षेत्रकार्य तेवढे दिवस बाजूला पडते. गृहभेटी ठरविणे, कुटुंबांची संमती घेणे, छायाचित्रांविषयीचे संकोच सांभाळणे, नंतर वस्तीतून येणाऱ्या ‘आता ते काही करणार का?’ या प्रश्नाला तोंड देणे, ही कामे अहवालात येत नाहीत. भेट देणाऱ्या गटाला या अनुभवाबद्दल श्रेयांक मिळतात. दुभाष्याला बहुधा प्रशस्तिपत्र मिळते.

लॅटिन अमेरिकेत साठच्या दशकाच्या उत्तरार्धात समाजकार्याच्या पुनर्विचाराची चळवळ उभी राहिली आणि आयात पद्धतींना तिने आव्हान दिले. भारतात एम. एस. गोरे यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात समाजकार्य आणि समाजकार्य शिक्षण यांची भारतीय परिस्थितीच्या संदर्भात चर्चा केली होती. १९८१ मध्ये जेम्स मिज्ली यांच्या ‘प्रोफेशनल इम्पीरिअ‍ॅलिझम’ या ग्रंथाने तिसऱ्या जगातील समाजकार्य शिक्षणावरील पाश्चात्त्य प्रभावाला व्यावसायिक साम्राज्यवाद हे नाव दिले. नाव जहाल होते. परंतु शिष्यवृत्त्यांच्या काळातील भूमिकांचे वाटप लक्षात घेता ते अनाठायी म्हणता येत नाही.

यजमान जेव्हा शिक्षक होतो

अमेरिकेतून शिक्षणासाठी बाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्यांत आठ आठवडे किंवा त्याहून कमी काळासाठी जाणाऱ्यांचे प्रमाण २००० नंतरच्या दशकात निम्म्यावर गेले. नोकरी सांभाळून शिकणारे विद्यार्थी, वाढते शुल्क व कौटुंबिक जबाबदाऱ्या ही त्यामागील कारणे होती. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना ती अधिकच लागू पडतात. २००४ मध्ये ॲडलेड येथे समाजकार्य शिक्षणाची जागतिक मानके स्वीकारण्यात आली आणि २०१४ मधील मेलबर्नच्या जागतिक व्याख्येत स्थानिक समाजांच्या ज्ञानाला समाजकार्याच्या ज्ञानाधारात स्थान मिळाले. कागदावर दिशा बदलली, असे म्हणता येते.

ती प्रत्यक्षात कशी बदलू शकते, याचे एक उदाहरण महाराष्ट्रात आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर किंवा अल्पशिक्षित आणि अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना ग्रामआरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देणे, हा त्याचा गाभा. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या लोकाधारित आरोग्यकार्यावरील ग्रंथात जामखेडचा समावेश झाला आणि देशोदेशीचे विद्यार्थी व कार्यकर्ते तेथे येऊ लागले. पुढे प्रकल्पाने त्यांच्यासाठी रीतसर प्रशिक्षण संस्था व काही आठवड्यांचे अभ्यासक्रम सुरू केले.

जामखेड हे काटेकोर अर्थाने समाजकार्याचे विद्यालय नव्हे. पण अल्पकालीन अभ्यासक्रमाच्या इतिहासात त्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. तेथे परदेशी विद्यार्थ्यापुढे ग्रामआरोग्यसेविका शिक्षिका म्हणून उभी राहते. ती मराठीत बोलते, तिचे म्हणणे भाषांतरित होते, प्रश्न तिला विचारले जातात आणि उत्तरेही तीच देते. जात, हुंडा, कुपोषण, बाळंतपण या विषयांवरील तिचे ज्ञान पाहुण्याला एरवी पुस्तकांतून आणि तज्ज्ञांच्या मध्यस्थीने मिळाले असते. १८८३ मधील बसचा वरचा मजला येथे नाही. पाहुणा गोधडीवर बसलेला असतो आणि तास घेणारी स्त्री आपल्या सोयीने तो सुरू करते व आपल्या सोयीने संपविते. अभ्यासक्रम कधी असावा, किती जणांचा असावा आणि गावात कोठे जावे, हे यजमान संस्था ठरविते. बाहेरून गट घेऊन येणाऱ्या विद्यापीठाच्या वेळापत्रकास हे सोयीचे असतेच असे नाही.

येथून बाहेर जाणाऱ्यांचा प्रश्न राहतोच. परदेशी गटाच्या भेटीनंतर यजमान महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना तिकडे बोलाविण्याची तरतूद सामंजस्य करारात असते. व्हिसा, विमानभाडे आणि तेथील राहण्याचा खर्च यांमुळे ती बहुधा कागदावरच राहते, आणि जी थोडी मुले जातात ती खर्च झेपणाऱ्या घरांतील असतात. मार्च २०२० नंतर महासाथीमुळे सर्वच दौरे थांबले. काही विभागांनी संगणकाच्या पडद्यावरून संयुक्त वर्ग घेतले. त्या वर्गांसाठी व्हिसा लागत नव्हता, इंग्रजी मात्र लागत होती.

१९८८ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जामखेडची एक ग्रामआरोग्यसेविका बोलली. ती मराठीत बोलली आणि श्रोत्यांनी तिचे म्हणणे भाषांतरातून ऐकले.